राजाची परवानगी आणि घराची संमती

नमस्कार श्रोतेहो. एखादं विद्यापीठ आपल्या शेजारच्या गावांशी कसं वागतं, हे बघायला घानासारखा देश नाही. कुमासी शहरातल्या क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाला जमीन दिली ती तिथल्या असांते लोकांचे पारंपरिक राजे दुसरे प्रेम्पे यांनी. आज त्या विद्यापीठाचे कुलपती आहेत असांते राजेच, दुसरे ओसेई टुटू.

अर्थात पदवीदानाच्या मंचावर मान देणं सोपं. कसोटी लागते ती गावात पाऊल ठेवताना. उत्तरेत तामालेला १९९२ साली स्थापन झालेल्या विकास अध्ययन विद्यापीठात, वर्षाचं तिसरं सत्र विद्यार्थ्यांनी खेड्यात राहून काढायचं अशी पद्धत रुजली. तिकडे गावात गेलं की आधी प्रमुखाची भेट, पुढ्यात मानाची भेट म्हणून कोलाच्या झाडाच्या बिया. दक्षिणेतल्या अकान लोकांच्या (असांते त्यांतलेच) दरबारात तर राजाशी थेट बोलतही नाहीत. नक्षीदार काठी घेतलेला प्रवक्ता पाहुण्याचं म्हणणं राजाच्या कानी घालतो. कशासाठी आलात, ते वडीलधाऱ्यांसमोर सांगावं लागतं. हा नुसता उपचार आहे असं मला वाटत नाही. चारचौघांत सांगितलेल्या हेतूचा जाब नंतर विचारता येतो.

पण प्रमुख हो म्हणाला म्हणजे सगळं गाव हो म्हणालं, असं धरून चालणं चूक. संशोधनासाठी जिच्या दारात प्रश्नावली घेऊन जाल, त्या बाईला नाही म्हणता आलं पाहिजे. राजाची परवानगी आहे हे कळल्यावर नाही म्हणणं किती जड जात असेल!

याची दुसरी बाजूही आहे. २०१० साली नामिबियातल्या सान या आदिवासी समाजातल्या चार पुरुषांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या चौघांची संमती होती, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही, असा आक्षेप सान नेत्यांनी घेतला. तो रास्तच होता, कारण जनुकांतून कळतं ते अख्ख्या समाजाबद्दल. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. निष्कर्ष कळवायचं वचन देऊन ते न पाळणं हा अनादर आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

म्हणून विद्यापीठांकडे माझी एक मागणी आहे. गावात परत जाण्याचा खर्च, म्हणजे गाडीभाडं, दुभाष्याचं मानधन, गावच्या भाषेतला अहवाल, हे सगळं अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरलेलं असावं. नसेल, तर प्रकल्पाला मंजुरी देऊ नये.