ससून : बगदाद, मुंबई, पुणे, लंडन

पुण्यात ‘ससूनला नेलंय’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही; ससून म्हणजे तिथलं मोठं रुग्णालय. मुंबईत मासळीची बोली भल्या पहाटे ससून डॉकवर लागते. हे नाव आलं बगदादहून.

डेव्हिड ससून यांचे वडील बगदादच्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार. दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यूंचा छळ वाढला, तेव्हा डेव्हिड इराणच्या बुशहर बंदरात निसटले आणि १८३२च्या सुमारास बायकामुलांसह मुंबईत आले. त्यांच्या व्यापारी पेढीची पत्रं अरबी भाषेत, पण हिब्रू अक्षरांत लिहिली जात. १८५३मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी सही केली तीही हिब्रूत. इंग्रजी येतच नव्हतं.

मुलगे आठ. एलियास १८४४मध्ये चीनला गेला आणि पेढीचं बस्तान तिकडेही बसलं. कापूस होता, कापड होतं, पण मोठा पैसा आला अफूतून. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. ससूनांच्या दानधर्माविषयी बोलताना हे गाळणं मला अप्रामाणिक वाटतं. ज्या पैशाने इथे रुग्णालय उभं राहिलं, त्याच पैशापायी तिकडे घरं बसली.

डेव्हिड १८६४मध्ये पुण्यात वारले. लष्कर भागातलं लाल देऊळ, म्हणजे त्यांनीच बांधायला घेतलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर), तेव्हा अपुरं होतं. ते १८६७मध्ये पूर्ण झालं. त्याच आवारात त्यांची कबर आहे.

डेव्हिड यांचे थोरले चिरंजीव अब्दुल्ला यांनी १८७५मध्ये ससून डॉक बांधला. पुढे ते लंडनला स्थायिक झाले आणि सर अल्बर्ट म्हणून ओळखले गेले. डेव्हिड यांचा पणतू सिगफ्रीड पहिल्या महायुद्धाचा इंग्रज कवी. दुसरा पणतू व्हिक्टर, त्याने १९२९मध्ये शांघायला आलिशान हॉटेल उभारलं.

या दोघांची नावं जगाला ठाऊक आहेत. मला मात्र फ्लोराबाईंविषयी अधिक बोलायचंय. १८५९मध्ये मुंबईत जन्मलेली ही अब्दुल्लांची नात. लग्न झालं डेव्हिड यांच्या सॉलोमन या मुलाशी. १८९४मध्ये नवरा गेला आणि मुंबईची पेढी बाईंनी हाती घेतली. शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या साथीच्या रोगावरच्या लशीला लोक बिचकत होते, तेव्हा बाई हाफकिन यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९०१मध्ये लंडनला गेल्या, पण धर्माचरण सुटलं नाही. प्रवासाला निघताना सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष त्या सोबत नेत. हिब्रू धर्मग्रंथांचा त्यांचा व्यासंग असा, की १९२४मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या समारंभाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, आणि तिथे जमलेल्या विद्वानांपुढे त्यांनी धर्मशास्त्रावर व्याख्यान दिलं.