राख चांद्याला, वीज राज्याला

मंडळी, मला विषय दिलाय ‘माणूस आणि निसर्ग’. हा विषय एवढा मोठा की त्यावर तासभर बोललं तरी कुणाच्या अंगाला काही लागत नाही. म्हणून मी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीच्या पलीकडे फारसा जाणार नाही. गेलोच तर चांद्यापर्यंत, म्हणजे चंद्रपूर शहरापर्यंत.

मोहफूल रात्री गळतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. उशीर झाला की ढोरं, चितळं, अस्वल त्यावर ताव मारतात. म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. झाडाखाली वाकून, उकिडवं बसून एकेक फूल वेचतात. वाघ एरवी उभ्या माणसाला टाळतो. पण झुडपाआड खाली वाकलेलं, हळूहळू सरकणारं काहीतरी त्याला दिसतं, तेव्हा ते माणूस आहे हे त्याला कोण सांगणार? विडीसाठी तेंदूपत्ता तोडतानाही तेच. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघानं एकाच दिवशी मारलं. ते ताडोब्यात वाघ बघायला येणाऱ्या जिप्सींच्या गर्दीचे दिवस. वाघ तोच. कुणी पैसे मोजून त्याच्यासमोर जातं, कुणी पैशासाठी.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की घरच्यांना 25 लाख मिळतात. मिळालेच पाहिजेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण गॅसचं सिलिंडर भरून घ्यायला पैसे नाहीत म्हणून जी बाई सरपणाला जंगलात जाते, तिला त्या सिलिंडरपुरती मदत आधीच केली असती तर? आपल्या सरकारी हिशेबात मेलेल्या माणसाला रकाना आहे, जंगलात जावं लागू नये यासाठीचा रकाना फार बारीक आहे.

आता चांद्याकडे. तिथलं औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. कोळसा इथला, पाणी ईरईचं, राख इथेच पडते, वीज मात्र राज्यभर जाते. कोळशाच्या धुरानं जगाचं हवामान तापतंय असं आपण वाचतो. चांद्यात पारा 46-47 वर गेला तर ती बातमीसुद्धा होत नाही. मुंबईच्या एसीचं बटण आणि आपला उन्हाळा यांच्यात एक लांब तार आहे, एवढंच.

त्या वीज केंद्राच्या आवारात वाघ फिरतात, हे बाहेरच्याला सांगितलं तर तो हसतो. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या एका कामगाराला वाघानं मारलं आणि त्याच आठवड्यात शेजारच्या दुर्गापुरात एका पोराला बिबट्यानं नेलं. वाघ कारखान्यात शिरला, असं पेपरवाले लिहितात. अहो, खाणी आणि केंद्र ताडोब्याच्या उंबऱ्यावर उभं केलंय! आवारात माजलेली बाभळीची झुडपं, वस्तीतला उघड्यावरचा कचरा, त्यावर कुत्री-डुकरं. बिबट्याला एवढं पुरतं. वनखात्यानं पिंजरे लावायचे आणि कचरा तसाच, हा प्रकार मला कधी कळला नाही.

करायचं ठरवलं तर जमतं, याचा पुरावा पेंचला आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या 44 नंबरच्या महामार्गावर, जंगलातल्या पट्ट्यात, रस्ता वर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली. अशा नऊ जागा आहेत. त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, खर्च झाला, पण कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघ दिसले. आणि आपली गोंदिया-चांदाफोर्ट लाईन बघा. नोव्हेंबर 2018 मध्ये जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. महामार्गाला जे सुचलं ते रुळांना का सुचू नये? निदान जंगलात गाडीचा वेग तरी कमी ठेवा.

थोडं आपल्यालाही बोलतो, रागावू नका. फूल नीट दिसावं म्हणून आपण मोहाखालचा पाला जाळतो. वारा सुटला की ती आग झाडाखाली राहत नाही. रोपटी जातात, गवत जातं, मग चितळ धानाच्या बांधीत येतं आणि त्याच्यामागं वाघ. झाडाखाली हिरवी नेट बांधली तर फूल नेटवर पडतं, पाला जाळावा लागत नाही आणि बाईला अंधारात वाकून बसावं लागत नाही. उजाडल्यावर चौघींनी मिळून जावं, नेट उचलावी, फूल टोपलीत ओतावं.

नेटचा खर्च कोणी करायचा, हे मघाशी मागून कुणीतरी विचारलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा का, कसा, हे तिथली ग्रामसभा ठरवते. ज्या गावांकडे असा हक्क आहे, त्यांनी वनोपजाच्या पैशातून नेट घ्यावी. ज्यांचा या हक्काचा दावा अजून सरकारी कपाटात पडलाय, त्यांनी आधी तो बाहेर काढायला लावावा. आणि 1 मे च्या ग्रामसभेची वाट बघू नका, तोवर मोह गळून गेलेला असतो. खास सभा मार्च लागायच्या आत बोलवा, आणि ती सकाळी नको, दुपारी ठेवा, म्हणजे बायांना येता येईल.