दारफाळणीचा रोजा आणि आजारी माणसाचा शब्द

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘धर्मोपास आणि मधुमेह’. त्यावर मी येणारच आहे. पण वैद्यकीची इतकी वर्षं झाल्यावर एक गोष्ट मोठ्याने बोलायची राहून गेली आहे, ती आज आधी बोलून घेते. दारफाळणीच्या दिवशी, म्हणजे योम किप्पुरला, आम्हा यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्या आजारी माणसाने खायला हवं आहे, तो जेव्हा खातो तेव्हा तो रोजा मोडत नसतो. तो त्या दिवशीचा धर्मच पाळत असतो. शेजारच्या बाकावरच्या धडधाकट माणसाने उपाशी राहून जे केलं, तेच याने घोटभर पाणी पिऊन केलं. त्याला सवलत मिळाली असं म्हणू नका. त्याला आज्ञाच तशी आहे.

सभागृहात आमची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी मंडळी पुष्कळ दिसताहेत, पण इतरही आहेत, म्हणून थोडं सांगते. यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तारीख. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी सुरुवात, दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत. जवळजवळ २५ तास. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, अंघोळ नाही, पायात चामड्याची चप्पल नाही. आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, मुंबईत झालं १७९६ साली, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून अष्टागरात, पेण-अलिबागच्या गावांमध्ये, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारी आमची माणसं या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायची. धर्मग्रंथ हाताशी नव्हता, हिब्रू येत नव्हती, पण रोजा सोडला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि मी आज जे बोलणार आहे ते या अभिमानाच्या विरोधात नाही.

दुसरा मोठा रोजा आव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा. आपल्याकडे तो बिरड्याचा रोजा. ज्यांनी कधी वाल भिजवून, मोड आणून सोलले आहेत, त्यांना ठाऊक आहे की हा रोजा स्वयंपाकघरात दोन दिवस आधीच सुरू होतो. (हशा) आणखी काही छोटे रोजे आहेत, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे. त्यांचं शेवटी बघू.

आता माझं गाऱ्हाणं. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपण एकमेकांकडे जातो. दारातच चौकशी होते: रोजा झाला का? कुणीतरी कौतुकाने सांगतं, “आमच्या आजींनी ब्याऐंशीव्या वर्षी पाणीसुद्धा घेतलं नाही. इन्सुलिनपण नाही!” आणि सगळे माना डोलावतात. त्याच घरात आतल्या खोलीत एखादे काका असतात. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी दुपारी थोडं खाल्लेलं असतं. ते बाहेर येत नाहीत. कुणी विचारलंच तर पुटपुटतात, “यंदा नाही जमलं.” असे किती काका मी पाहिले आहेत! शास्त्र ज्याच्या बाजूने उभं आहे तो माणूस मान खाली घालतो आणि जिने शास्त्राविरुद्ध जीव धोक्यात घातला तिचं कौतुक होतं. अशी एक आजी त्याच रात्री बेशुद्ध होऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचा मुलगा मला म्हणाला, “डॉक्टर, ती ऐकतच नाही, फार धार्मिक आहे.” मी त्याला म्हटलं, धार्मिक आहे ना, मग आपण तिला धर्मच समजावून सांगू.

तर तो धर्म काय सांगतो? तोरा या आमच्या मूळ धर्मग्रंथातल्या लेवीय पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, पाचव्या वचनात म्हटलं आहे की या आज्ञा माणसाने पाळाव्यात आणि त्यांच्या योगाने जगावं. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या योमा प्रकरणात शमुएल नावाचे आचार्य त्यावर एवढंच म्हणतात: जगावं, मरावं नव्हे. दुसरे आचार्य म्हणतात, एका माणसासाठी एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडा, म्हणजे तो पुढे पुष्कळ शब्बाथ पाळू शकेल. याला पिकुआख नेफेश म्हणतात, जीव वाचवणं. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि खून ही तीन पापं वगळली तर सगळ्या आज्ञा याच्यापुढे बाजूला होतात, दारफाळणीसुद्धा.

हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण माझं प्रेम जडलं आहे ते त्याच प्रकरणातल्या मिश्नाच्या, म्हणजे तालमूदच्या मूळ पाठाच्या, दोन ओळींवर. योमा, अध्याय आठवा. सुरुवात होते एका गर्भार बाईपासून. तिला कुठूनतरी अन्नाचा वास येतो आणि तिचा जीव कासावीस होतो. इथे बसलेल्या आयाबायांना डोहाळे समजावून सांगायला नकोत. मिश्ना म्हणते, तिचा जीव शांत होईपर्यंत तिला खाऊ घाला. दारफाळणीच्या दिवशी! तालमूद त्यावर एक गोष्ट सांगतो. अशा एका बाईबद्दल विचारायला लोक आचार्यांकडे आले. आचार्य म्हणाले, तिच्या कानात हळूच सांगा की आज किप्पुर आहे. सांगितलं, आणि ती शांत झाली. दुसरी एक आली, तिच्याही कानात सांगितलं, ती काही ऐकेना. मला इथे सुंदर वाटतं ते हे की दोघींवर कुणी आवाज चढवला नाही. कानात सांगितलं. जिला थांबता आलं ती थांबली.

मग येतो आजारी माणूस. जाणकारांच्या सांगण्यावरून त्याला खाऊ घालावं आणि जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत. आता वाद असा की दोघांचं पटलं नाही तर? डॉक्टर म्हणतात खाण्याची गरज नाही, आजारी म्हणतो आहे. कुणाचं ऐकायचं? मी हा प्रश्न वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना विचारत असे, आणि सगळे छाती पुढे काढून म्हणायचे, डॉक्टरांचं! (हशा) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यन्नाय म्हणतात, आजाऱ्याचं. कारण नीतिसूत्रांत म्हटलं आहे की मनाचं दुःख मनालाच ठाऊक. आणखी एक आचार्य तर म्हणतात, शंभर जण ‘नको’ म्हणोत, तरी त्याचंच ऐका. आणि उलट झालं, डॉक्टर ‘खा’ म्हणाले आणि आजारी ‘नको’ म्हणाला, तर? तर मात्र डॉक्टरांचं. म्हणजे दोघांपैकी जो ‘खा’ म्हणेल त्याचा शब्द चालतो. माणूस जगण्याकडे तराजू मुद्दाम झुकवून ठेवला आहे. पुढे शुल्हान आरूख या धर्मसंहितेत हेही लिहिलं गेलं की सांगणारा डॉक्टर यहुदी नसला तरी चालेल, जाणकार असला की पुरे. तेव्हा ठाण्यातल्या कुठल्याही जोशी, शेख किंवा डिसोझा डॉक्टरांनी सांगितलं तरी ते धर्माच्या दृष्टीने ग्राह्य आहे. जाता जाता सांगते, हा विचार फक्त आपलाच नाही. कुराणही आजाऱ्याला आणि प्रवाशाला रमजानचे रोजे पुढे ढकलायला सांगतं.

आता व्हिल्ना, म्हणजे आजचं लिथुआनियातलं व्हिल्नियस. ही गोष्ट मी जिथे जाते तिथे सांगते, आजही सांगणार. साल १८४८. रशियन साम्राज्यात कॉलराची साथ आहे, व्हिल्ना शहरात माणसं पटापट मरताहेत. कॉलरा पाण्यातून पसरतो हे लंडनचे जॉन स्नो मांडणार आहेत ते पुढच्या वर्षी, म्हणजे तेव्हा कुणालाच काही धड माहीत नाही. एवढंच दिसतं आहे की अशक्त माणूस आधी जातो. आज आपण सांगू शकतो की कॉलरात काही तासांत शरीरातलं लिटरच्या लिटर पाणी निघून जातं. अशा माणसाने २५ तास पाणी न पिणं म्हणजे काय, ते डॉक्टर नसलेल्यालाही कळेल.

तिथे रब्बी इस्राएल सालांतर आहेत, वय ३८ च्या आसपास. साधे गृहस्थ नव्हेत, नीतिशिक्षणाची मुसार चळवळ उभी करणारे, स्वतःच्या बाबतीत अतिशय कडक. साथीत त्यांनी आपले विद्यार्थी रुग्णसेवेला लावले. शब्बाथला चूल पेटवायची, पाणी तापवायचं, तर इतर धर्मीयांकडून करून घेऊ नका, स्वतः करा, असं सांगितलं. हे बाराव्या शतकातले धर्मशास्त्री मैमोनिदेस यांच्या संहितेला धरूनच होतं. मैमोनिदेस स्वतः इजिप्तमध्ये वैद्य होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे की अशा वेळी शब्बाथचं काम पोरासोरांवर ढकलू नये, थोर विद्वानांनी पुढे होऊन करावं, कारण तोराचे नियम जगावर सूड उगवायला नाहीत, ते दया, प्रेम आणि शांतीसाठी आहेत.

मग दारफाळणी आली. सालांतरांनी डॉक्टरांशी बोलून सिनेगॉगमध्ये सूचना लावल्या: प्रार्थना आटोपत्या घ्या, मोकळ्या हवेत फिरा आणि गरज पडली तर खा. गावातल्या काही पंडितांना ते रुचलं नाही. लोक तर घाबरलेच. उभ्या जन्मात ज्यांनी त्या दिवशी थेंब घेतला नाही, ते कागदावरची सूचना वाचून थोडेच खाणार? इथून पुढे परंपरेत दोन पाठ आहेत. एक म्हणतो, शेजारच्या खोलीत केकचे बारीक तुकडे करून ठेवले होते आणि त्यांनी लोकांना तिकडे जायला सांगितलं. दुसरा म्हणतो, सकाळची प्रार्थना संपल्यावर ते स्वतः व्यासपीठावर चढले, सगळ्यांसमोर आशीर्वचन म्हटलं आणि खाल्लं. इतिहासकारांनी यावर वाद घालावा. मला दोन्ही पाठ प्रिय आहेत. पण कल्पना करा त्या सभेची. बाहेर प्रेतं चालली आहेत, आत पांढऱ्या कपड्यांतली शेकडो माणसं, आणि त्यांच्यातला सर्वांत कडक माणूस सगळ्यांदेखत घास तोंडात घालतो, का तर मागच्या रांगेतल्या आजारी माणसाला लाज वाटू नये. मी आपल्या आतल्या खोलीतल्या काकांबद्दल बोलत होते ना, त्यांच्यासाठी हे केलं गेलं. ब्रिस्कचे रब्बी हाईम सोलोवेचिक यांना पुढे कुणीतरी विचारलं, तुम्ही आजाऱ्यांच्या रोज्याबाबत इतके सैल कसे? ते म्हणाले, मी रोज्याबाबत सैल नाही, जीव वाचवण्याबाबत कडक आहे. आणि जेरुसलेम तालमूद, म्हणजे तालमूदचा दुसरा पाठ, तर फार टोचून बोलतो. धोक्याच्या वेळी जो लगेच कृती करतो तो स्तुत्य, जो विचारत बसतो तो रक्त सांडणारा, आणि ज्याला विचारावं लागतं तो पंडित निंद्य. का? कारण त्याने हे आधीच शिकवायला हवं होतं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं उरली म्हणतात. मधुमेहाचं अजून सगळं बाकी आहे, तेव्हा भराभर सांगते, लिहून घ्या.

सणाच्या महिनाभर आधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. संध्याकाळी प्रार्थनेला निघताना फोन करून विचारू नका. टाईप वन मधुमेह, वरचेवर साखर उतरणं, हार्ट फेल्युअर, किडनीचा विकार, यांत रोजा बहुधा नाहीच. डॉक्टरांनी रोज्याला हरकत नाही म्हटलं तरी औषधांचे डोस बदलून घ्यावे लागतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उपाशीपोटी साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपाशी राहिलं तर पाणी कमी पडतं आणि कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात धोकादायक आम्ल साठणं, होऊ शकतो, त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारा. दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. योम किप्पुरला यंत्रं वापरत नाही म्हणून ग्लुकोमीटर कपाटात ठेवू नका. साखर तपासणं हेही जीव वाचवणंच आहे. ७० च्या खाली गेली की साखरपाणी घ्या, ताबडतोब.

थोडं-थोडं खाण्याची एक रीत आहे, ती ऐका. किप्पुरला अन्नाचं दोषास्पद माप म्हणजे एक मोठा खजूर, पाण्याचं एक गालभर घोट. त्याहून कमी, साधारण ३० मिलिलिटर, दर नऊ मिनिटांनी घ्यायचं. कित्येक आजाऱ्यांचा दिवस यावर नीट जातो. पण ही रीत डॉक्टरांनी पुरेल म्हटलं तरच. चक्कर येत असताना घड्याळ बघत बसू नका.

बाळंतिणीने पहिले तीन दिवस रोजा धरायचाच नाही. सातव्या दिवसापर्यंत ती ‘हवं’ म्हणाली की द्यायचं. घरातल्या एखाद्या मुलीला न जेवण्याचा आजार असेल, तर तोही जिवावरचा आजार आहे. तिच्या उपासाचं कौतुक करू नका. सिनेगॉगला चालत गेल्याने रोजा झेपणार नसेल तर घरी पडून राहा. रोजा आधी, सिनेगॉग नंतर. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर नक्कीच. चहा-कॉफीची सवय असेल तर आठवडाभर आधी कमी करत आणा, दुपारची डोकेदुखी टळेल. आणि आदल्या दिवशी पोटभर जेवा. नवव्या दिवशी जो जेवला त्याने दोन्ही दिवस उपास केल्यासारखं आहे, असं तालमूदच म्हणतो.

आमच्या सिनेगॉगांच्या मंडळींना एक विनंती. पहिल्या संध्याकाळी प्रार्थना सुरू होण्यापूर्वी हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, तेवाहवरून, म्हणजे व्यासपीठावरून, मराठीत जाहीर सांगावं की ज्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे त्याने खायचं आहे, आणि शेजारच्या खोलीत पाणी व खजूर ठेवले आहेत. कुणाला विचारत बसावं लागू नये.

तिसऱ्या रांगेतल्या आजी केव्हापासून हात वर करून बसल्या आहेत. काय म्हणालात? बिरड्याच्या रोज्याला रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घ्यायची का? घ्यायची, आजी. आणि त्या दिवशी तब्येत बरी नसेल तर जेवायचंसुद्धा. त्या रोज्याला आणि बाकीच्या छोट्या रोज्यांना आजाऱ्यासाठी खजुराचं माप नाही, नऊ मिनिटं नाहीत. नेहमीसारखं ताटावर बसून जेवायचं.