वाटेत आडवं पडलेलं माट्टीचं झाड

(दृश्य: नेत्रावळीचं रान. पाऊस नुकताच उघडलाय. पायवाटेवर आडवं खोड.)

गोव्याच्या सांगे तालुक्यातलं नेत्रावळी अभयारण्य. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या उतारांवर दर वर्षी झाडं पडतात. दगडावर मातीचा थर पातळ असला की मुळं खोल न जाता आडवी पसरतात. आठ-दहा दिवस संततधार लागली की ती माती ढिली होते, मग वाऱ्याचा एक झोत पुरतो. झाड उपटतं ते मुळांना धरलेल्या मातीची भिंतच सोबत घेऊन.

हे माट्टीचं झाड, म्हणजे गोव्याचा राज्यवृक्ष. खोडाची जाडी दोन फूट. मुळं वरच्या दरडीवर, शेंडा खालच्या खडकावर आणि मधोमध तीन फुटांची वाट. अभयारण्यात पडलेल्या लाकडालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसं सांगतो. परवानगी मिळाली तरी लाकूड रानातच राहतं, फक्त वाट मोकळी करायची.

(दृश्य: माणसं खोडाभोवती फिरताहेत. हत्यारं बाजूला ठेवलेली.)

सुरुवातीची दहा मिनिटं हत्याराला हात लावायचा नाही. आधी वर बघायचं. अर्धवट मोडलेली फांदी शेजारच्या झाडात अडकलेली असते आणि खाली करवत चालू झाली की हादऱ्यानं सुटते. गारंबीचा वेल तर मांडीएवढा जाड होतो आणि चार झाडं एकमेकांना बांधून ठेवतो. तो ताणलेला असेल तर खोड तुटताच शेजारचं झाड अंगावर ओढू शकतो, म्हणून तो आधी कोयत्यानं, बाजूला उभं राहून तोडायचा. मग फांद्यांत आणि खोडाखाली काठी फिरवायची, कारण पावसाळ्यात मलबार चापडा हा विषारी साप अशा जागी दबून बसतो. झाड रानबिब्याचं असेल तर त्याच्या चिकानं कातडीवर फोड येतात. तिथे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेतच.

फांद्या कुऱ्हाडीनं साफ करताना खोडाच्या एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला तोडायची फांदी. घाव चुकला तर तो खोडात बसेल, पायात नाही. ज्या फांद्यांवर खोडाचा भार टेकलाय त्या मात्र शेवटपर्यंत ठेवायच्या.

(दृश्य: दोन मुठींची करवत, दातांचा जवळून भाग.)

ही दोन मुठींची करवत, साडेपाच फूट लांब. दोन फूट जाडीच्या खोडावर हिला साडेतीन फुटांची ओढ मिळते. दात दोन तऱ्हेचे आहेत. टोकदार दात लाकडाचे धागे दोन्ही कडांनी कापतात. मधले बोथट दात कापलेलं लाकूड खरवडून बाहेर आणतात. हे मधले दात टोकदार दातांपेक्षा केसभर खाली असावे लागतात. माट्टीसारख्या कठीण लाकडाला पाव मिलिमीटर पुरे. फरक जास्त झाला तर करवत जागोजागी अडखळते. बाहेर लांब ढलप्या पडल्या की करवत ठीक समजायची, नुसतं पीठ पडायला लागलं की कानस काढायची.

ओढायचं, ढकलायचं कधीच नाही. पातं पातळ असतं, ढकललं की वाकतं. आपली ओढ संपली की मूठ सैल सोडायची आणि समोरच्याला ओढू द्यायचं. नवीन जोडीचा दम सुटतो तो बहुतेक इथेच: दोघंही आपापल्या बाजूनं दाबत राहतात.

(दृश्य: पहिली खाच. पाचर ठोकताना.)

आता भार कुठे आहे ते बघू. खोडाची दोन्ही टोकं टेकलेली, मधला भाग अधांतरी. म्हणजे वरची बाजू दाबली गेलीय, खालची ताणलीय. वरून कापत गेलं की खाच मिटते आणि करवत चिमटीत पकडली जाते. म्हणून पात्याची पाठ सालीच्या चार बोटं खाली गेली की खाचेत दोन पाचरी ठोकायच्या, सुक्या कठीण लाकडाच्या. लोखंडी पाचरीला दात लागला तर दात गेलाच. पुढे खाच मिटायला लागली की पाचरी पुन्हा ठोकायच्या. पहिला काप खालच्या, खडकाकडच्या टोकाजवळ.

तो सुटला की सगळं उलटतं. मुळाकडचा भाग आता एकाच टोकाला धरलेला आहे, त्यामुळे त्याची वरची बाजू ताणलीय आणि खालची दाबलीय. पहिल्या कापाच्या सवयीनं दुसराही वरूनच पूर्ण घेतला तर अर्ध्यातच खोड आपल्या वजनानं मोडतं आणि खालून लांब फाटत जातं. दुसरा काप खालून सुरू करायचा, जाडीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, आणि मग वरून येऊन मिळवायचा. खालून कापताना करवत उलटी धरावी लागते. काम संथ होतं, पण दुसरा मार्ग नाही.

मुळांची ती भिंत विसरू नये. खोडाचं वजन तिला खाली ओढून धरतं. ते कमी झालं की ती खड्ड्यात परत उभी राहू शकते, खोडाचा बुंधा वर उचलत. तिच्या मागे किंवा खड्ड्यात कुणी थांबायचं नाही आणि मुळाकडचा बुंधा जितका लांब ठेवता येईल तितका ठेवायचा.

दोन्ही काप जरा तिरके घ्यायचे, तुकडा वरच्या आणि लोटायच्या बाजूला रुंद राहील असे. सरळ कापलेला तुकडा बाटलीतल्या बुचासारखा बसून राहतो.

(दृश्य: पहारीनं तुकडा सरकवताना.)

पाच फुटांचा हा ओला तुकडा चारशे किलोंच्या वर भरेल. तो उचलायचा नसतो. पहारीखाली दगड ठेवून वीतभर सरकवायचा, लगेच खाली दगड सारायचा आणि पुन्हा वीतभर. उताराच्या बाजूला माणूस नको. वाटेच्या कडेला पाणी जायची चर असते, तिच्यावर तुकडा ठेवला तर पुढच्याच पावसात ओहोळ वाटेवरून वाहायला लागतो. तो चरीपलीकडे, दोन झाडांच्या वरच्या अंगाला टेकवून ठेवलाय.

लाकूड आज ओलं होतं म्हणून दोघांना जमलं. हेच खोड दिवाळीनंतर वाळून कठीण झालं असतं आणि करवत दुप्पट वेळा घासावी लागली असती. पडलेलं झाड त्याच पावसात हातावेगळं केलेलं बरं.

(दृश्य: करवत पुसताना.)

पात्यावर चिकटलेला चीक रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, पातं कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. इथल्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. दातांवर जुन्या रबरी नळीची उभी चिरलेली पट्टी चढवली की करवत खांद्यावर घेऊन निघता येतं, दात मानेपासून लांब, बाहेरच्या बाजूला आणि सोबत्यानं दहा पावलं अंतर ठेवून.