हॅम्लेट गादीवर बसतो तेव्हा

मंडळी, शेक्सपिअरचा हॅम्लेट शेवटी मरतो. तो मरत नाही, उलट डेन्मार्कचा राजा होतो, असं सांगितलं की हसू येतं. संगीतकार आंब्रवाज तोमाच्या 'हॅम्लेट' या फ्रेंच ऑपेराची थट्टा बहुतेक याच शेवटावरून झाली. ९ मार्च १८६८ला तो पॅरिसमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. पुढे लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहासाठी हॅम्लेट मरतो असा वेगळा शेवट करावा लागला!

पण सगळं खापर तोमावर फोडू नका. बार्बिए आणि कारे या संहिताकारांपुढे शेक्सपिअरपेक्षा फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमा जास्त होता. १८४०च्या दशकात त्यानं पॉल मरिसबरोबर केलेल्या 'हॅम्लेट'च्या रूपांतरातच हॅम्लेटच्या बापाचं भूत शेवटी परत येतं, एकेकाचा निवाडा करतं आणि हॅम्लेटला जगण्याची शिक्षा देतं. पॅरिसला सवयीचा होता तो हा हॅम्लेट.

मला विचाराल तर खरी उलथापालथ चौथ्या अंकात आहे. नाटकात हॅम्लेटची प्रेयसी ऑफिलिया वेडी होऊन बुडाल्याची बातमी राणी येऊन सांगते. इथे ती आपल्या डोळ्यांदेखत बुडते, आणि गात गात. आधी गावकऱ्यांना फुलं वाटते, मग एक गाणं म्हणते. चाल स्वीडनची, कारण भूमिका करणारी क्रिस्टीन निल्सन स्वीडिश. हसणं, रडणं, भान सुटणं, सगळं तानांतून. मग पडद्याआडून ओठ मिटून गुणगुणणारा कोरस सुरू होतो आणि पाण्यात शिरताना तिच्या तोंडी येते हॅम्लेटनंच पहिल्या अंकात घेतलेली आण: उजेडावर शंका घे, पण माझ्या प्रेमावर नको.

याची मुळं १८२७मध्ये आहेत. त्या वर्षी एक इंग्रज नाटक मंडळी पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात आली. प्रेक्षकांपैकी अनेकांना इंग्रजीचा गंध नव्हता. तरी हॅरिएट स्मिथसनची वेडी ऑफिलिया पाहून लोक खुळावले. संगीतकार बर्लिओझनं तर पुढे तिच्याशी लग्नच केलं. भाषेवाचून पोचली ती ऑफिलिया. म्हणून पॅरिससाठी ऑपेरा करायचा तर तिला मध्यभागी आणणं ओघानंच आलं.

हॅम्लेटला मात्र याची किंमत मोजावी लागली. आपल्याकडे आगरकरांच्या 'विकारविलसित'मध्ये गणपतराव जोशांनी ही भूमिका गाजवली. ते गद्य नाटक, भार सगळा बोलण्यावर. या ऑपेरात 'जगावं की मरावं' आटोपशीर आहे. शिवाय ऑफिलियाचा बाप पोलोनिअस, त्याला हॅम्लेटच्या बापाच्या खुनात सामील करून ऑफिलियाला झिडकारायला हॅम्लेटच्या हाती सरळसोट कारण दिलंय. हे मला अजिबात पटत नाही. गूढच गेलं की!

पुढे हा ऑपेरा बराच काळ मागे पडला, पण ऑफिलियाच्या वेडाचा प्रवेश सुटा गायला जात राहिला. ऑपेरा गायिका मारिया कॅलासनं १९५८मध्ये तो ध्वनिमुद्रित केला. तोच आता लावतो. तानेतलं हसू रडण्याकडे कुठे वळतं, तेवढं ऐका.