पाच वाजता आलेला मजूर

(दृश्य : मावळतीचं ऊन, द्राक्षवेलींच्या रांगा, मातीने भरलेले पाय)

दिवस मावळलाय. मुकादम पैशांची पिशवी घेऊन बसलाय, समोर मजूर उभे आहेत. मालकाचा हुकूम जरा विचित्रच आहे : सगळ्यात शेवटी आलेल्यांना आधी बोलाव.

शेवटी आलेले म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला आलेले. तासभर काय ते काम केलं. त्यांच्या हातावर एक दिनार पडतो. रोमी चांदीचं नाणं, अख्ख्या दिवसाची मजुरी. मागे उभे असलेले, पहाटेपासून राबलेले, मनातल्या मनात आकडेमोड करू लागतात. तासाभराचा एक, तर मग आपल्याला... त्यांची पाळी येते. एक दिनार.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात हा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. येशूने तो सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असणार. खरं सांगायचं तर माझ्याही पडते. आम्ही उन्हातान्हात राबलो आणि हे तासाभराचे आमच्या बरोबरीला? कुरकुर अगदी रास्त वाटते. मालक म्हणतो, ठरली होती तेवढी मजुरी तुला मिळाली ना? मी उदार झालो तर तुझ्या डोळ्यांत का सलावं?

यातली एक गोष्ट घाईत निसटते. पाच वाजता मालकाने त्या माणसांना विचारलं होतं, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. म्हणजे हे कामचुकार नव्हते. दिवसभर कोणालाच नको होते.

(दृश्य : जुन्या हस्तलिखितावरून सरकणारं बोट)

पाच वाजता आलेल्याच्या हातावर पडलेल्या त्या दिनाराचं नाव कृपा. आपल्या बोलण्यात हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय. पाटीवर ‘कृपया’, पत्राच्या शेवटी ‘कृपाभिलाषी’. आणि सगळं सुरळीत चाललं असलं की आपण म्हणतो, देवाची कृपा. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्यात देणं येतं, मर्जी येते, आणि मिळाल्यावर मानलेले आभारही त्याच शब्दात येतात. त्याच करारातल्या, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटलंय : तुमचं तारण, म्हणजे उद्धार, कृपेने, विश्वासाद्वारे झालं आहे. ती तुमची कमाई नाही, ते देवाचं दान आहे. म्हणजे ज्याचं काहीच सुरळीत नाही, त्याच्यासाठी हा शब्द आधी आहे.

हे मान्य करणं किती अवघड, ते दुसऱ्या एका दाखल्यात दिसतं. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता हे कर्ज फेडायला एक लाख चौसष्ट हजार वर्षं लागतील. आणि हा चाकर पाया पडून काय मागतो? मुदत! थोडं थांबा, मी सगळं फेडीन. राजा मुदत देत नाही, कर्जच माफ करतो. बाहेर पडल्या पडल्या चाकराला त्याचा सोबती भेटतो, शंभर दिनारांचा देणेकरी, आणि हा त्याची मानगूट धरतो. क्रूर तर तो आहेच. पण मला वाटतं, माफी त्याच्या कानावर पडली, मनात उतरलीच नाही. त्याची हिशेबाची वही अजून उघडीच होती.

या कृपेवरून चर्चमध्ये शतकानुशतकं भांडणं झाली. पाचव्या शतकात ऑगस्टिन म्हणत होता, कृपेवाचून माणूस तरत नाही; पेलागियस म्हणत होता, स्वतःच्या प्रयत्नाने चांगलं होता येतं. सोळाव्यात मार्टिन ल्यूथर कृपेच्याच मुद्द्यावर कॅथलिक चर्चशी भिडला. ल्यूथरच्या वादावर लुथेरन आणि कॅथलिक मंडळींनी मिळून संयुक्त जाहीरनाम्यावर सही केली, ती थेट १९९९ साली. भांडणाच्या तळाशी प्रश्न साधा आहे : सगळं फुकट मिळणार असेल, तर माणूस सुधारेल कशाला?

(दृश्य : वादळी समुद्र)

जॉन न्यूटनचं आयुष्य या प्रश्नाला सोपं उत्तर देत नाही. मार्च १७४८. अटलांटिकमध्ये वादळात जहाज बुडायला आलेलं असताना या इंग्रज खलाशाच्या तोंडून देवाचं नाव निघालं. जहाज वाचलं. पुढे तो पाद्री झाला, आणि ‘अमेझिंग ग्रेस’ (अद्भुत कृपा) हे गीत त्याचंच. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. मधली वर्षं मात्र गाळली जातात. त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता, १७५४ पर्यंत. वर तो प्रार्थना करत होता आणि खाली माणसं साखळदंडात होती. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये. वादळाला तोवर चाळीस वर्षं झाली होती. कृपेने माणूस एका रात्रीत बदलतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही सांगायला हवा. साखळदंडातल्या माणसांना ती चाळीस वर्षं कोणी परत दिली नाहीत.

(दृश्य : खिडकीतून येणारा उजेड, कंगवा)

आणि रोजच्या जगण्यात? तिथे मला द्यायच्या कृपेपेक्षा घ्यायची कृपा जड वाटते. ऑपरेशन झालेली आई अंथरुणाला खिळलेली आहे. मुलगी तिचे केस विंचरते. पहिल्या दिवशी आई म्हणते, राहू दे गं, तुला कशाला त्रास. दुसऱ्या दिवशी म्हणते, बरी झाले की तुझं सगळं करीन. जन्मभर जिने सगळ्यांचं केलं, तिला नुसतं घेणं जमत नाही. परतफेडीची भाषा सुटत नाही. गुंता सोडवताना मुलगी केस मुळाशी धरते, ओढ बसू नये म्हणून. चौथ्या दिवशी आई काहीच बोलत नाही. डोळे मिटते, मान थोडी मागे टाकते.

(दृश्य : रात्र. दिवे लागलेलं घर, दूरवरून)

लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते : धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो, रिकाम्या हाताने परततो, आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो. मला त्यातला थोरला भाऊ जवळचा वाटतो. शेतावरून दमून आलेला. घरात गाणं-नाचणं ऐकून तो दाराबाहेरच थांबतो. बाप समजूत काढायला बाहेर येतो. थोरला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी एक करडू दिलं नाहीत. आणि हा तुमचा मुलगा आला तर मेजवानी! ‘माझा भाऊ’ असं तो म्हणतच नाही. बाप मात्र उत्तर देताना शब्द बदलतो. म्हणतो, हा तुझा भाऊ.

लूकची गोष्ट इथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, लिहिलेलं नाही. बाप बाहेरच उभा आहे. आत गाणं चालू आहे.