पिसवेचं माहेर

ही पिसू. आज सकाळी सदाशिव पेठेतल्या एका बोळात, कुत्र्याची मान विंचरताना निघाली. भिंगाखाली बघा: अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं, केसांच्या दाटीतून सरसर सरकायला सोयीचं. गालाखाली काळ्या काट्यांचा कंगवा. पंखांचा मागमूस नाही.

पुण्याला पिसवेची ओळख करून द्यायला नको. १८९७ साली इथे प्लेगने घराघरात उंदीर पडत होते, माणसं राहती घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत जात होती. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. उंदरापासून प्लेग पसरवते ती पिसू, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं ते पुढच्या वर्षी.

पण ही पिसू मुळात कोणाच्या घरची? शतकभराहून जास्त काळ तिला स्वतंत्र गणात, म्हणजे कीटकांच्या वेगळ्या मोठ्या गटात, ठेवलं गेलं. २०२० मध्ये ब्रिस्टल आणि नानजिंगच्या संशोधकांनी १,४०० हून अधिक जनुकं ताडून पाहिली आणि सांगितलं, ही तर विंचूमाशीच!

विंचूमाशी हे नाव नराच्या वर वळलेल्या शेपटीमुळे पडलं. तिच्यात विष नसतं. मादीला धरायचा तो चिमटा. विंचूमाश्यांच्या गणात पिसवेच्या सगळ्यात जवळचं निघालं नॅनोकोरिस्टिडी हे कुळ. जाती दहाच्या आत. न्यूझीलंड, टास्मानिया, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय कोपरा, चिली, अर्जेंटिना, बस्स. गोंडवन हा दक्षिणेचा प्राचीन अखंड भूभाग फुटला, त्याचेच हे तुकडे.

यांची अळी तारेसारखी बारीक. ओढ्याच्या गाळात राहते, चिलटांच्या अळ्या खाते. आजच्या विंचूमाश्यांत पाण्यात वाढणारं हे एकच कुळ. मला मात्र पूर्ण वाढलेल्या माशीचं तोंड जास्त बोलकं वाटतं. इतर विंचूमाश्या चावून खातात, यांचं तोंड द्रव शोषणारं. रक्ताकडे जाणारी वाट कदाचित अशाच तोंडापासून निघाली असेल.

पिसू ही विंचूमाशीच, हे सगळ्यांना पटलेलं नाही. नॅनोकोरिस्टिडी कुळालाच वेगळा गण मानणारेही होऊन गेले. पिसू विंचूमाश्यांची शेजारीण आहे, घरातली नव्हे, असं म्हणणारे आजही आहेत.

आता पुन्हा भिंगाखाली. मागच्या पायाच्या वर, छातीच्या बाजूला रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी आहे. ती दाबून सोडली की पिसू उडी मारते. उडणाऱ्या कीटकांत हेच प्रथिन पंखाच्या बिजागरीत असतं.